दरडोई पाणी

पाऊस मोजायला फार विद्या लागत नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी झाले. एका हेक्टरवर तोच एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार लिटर. एवढा एक गुणाकार प्रत्येक शेतकऱ्याला, प्रत्येक ग्रामसेवकाला आणि सातवीतल्या प्रत्येक मुलाला तोंडपाठ असावा. पुढची बरीचशी टिपणे त्याच गुणाकारावर उभी आहेत.

*

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, तिच्यात सुमारे पंचवीस लाख लिटर.

आता गुणाकार. पाच लाख लिटर म्हणजे एका हेक्टरवर पडलेला पन्नास मिलिमीटर पाऊस. लातूरची वर्षाची सरासरी सातशे मिलिमीटरच्या वर आहे. म्हणजे एकेका हेक्टरवर वर्षाला सत्तर लाख लिटर, पन्नास वाघिणींच्या जवळपास तीन गाड्या. आणि पाटाने भिजवलेल्या एक हेक्टर उसाला लागणीपासून तोडणीपर्यंत साधारण दोन कोटी लिटर पाणी द्यावे लागते. म्हणजे आठ गाड्या.

२०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला, हे खरे. मांजरा धरण कोरडे पडले, हेही खरे. पण त्याच मांजरा खोऱ्यात साखर कारखाने होते आणि त्यांना ऊस घालणारी शेते होती. शहराची तहान आणि खोऱ्याचे पीक एकाच कागदावर मांडून पेरणी ठरली असती, तर ती गाडी लागली नसती असे मला ठामपणे वाटते.

*

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, माण तालुक्यात, जेमतेम पाचशे. मधले अंतर शंभरेक किलोमीटर. समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीला अडते, वर चढते, थंड होते आणि बहुतेक पाणी घाटमाथ्यावरच टाकून पूर्वेला उतरते. उतरताना ती तापते, कोरडी होते. नाशिक-नगरपासून सांगली-सोलापूरपर्यंतचा दुष्काळी पट्टा या पर्जन्यछायेत आहे. तिथला दुष्काळ हा निसर्गाचा अपघात नाही. तो त्या भूमीचा स्वभाव आहे, आणि पिकाची निवड त्या स्वभावाला धरून हवी.

*

माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९ साली अहवाल दिला. त्यातले एक चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. राज्याच्या क्षेत्रफळात कोकणचा वाटा सुमारे दहा टक्के, पण नद्यांतून वाहणाऱ्या पाण्यात चाळीस टक्क्यांहून अधिक. कृष्णा, गोदावरी, तापी आणि नर्मदा या चार खोऱ्यांत नव्वद टक्के भूमी, आणि पाणी साठ टक्क्यांच्या आत.

२००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. सर्वांत जास्त पाऊस पडतो तिथून माणसे चालली आहेत, कारण पाऊस भरपूर असला तरी तिथल्या कातळावर तो थांबत नाही आणि गावात रोजगार नाही.

*

१९५१ साली आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत ३ कोटी २० लाख माणसे होती. २०११ च्या जनगणनेत ११ कोटी २४ लाख. साठ वर्षांत साडेतीन पट. पाऊस तेवढाच.

देशाचा हिशेब असा मांडतात : १९५१ साली माणशी वर्षाला ५१७७ घनमीटर पाणी उपलब्ध होते, २०११ साली १५४५. स्वीडनच्या जलशास्त्रज्ञ मालिन फाल्कनमार्क यांनी घालून दिलेल्या कसोटीप्रमाणे १७०० च्या खाली गेले की ताण आणि १००० च्या खाली गेले की टंचाई. म्हणजे आपण ताणाच्या रेषेखाली येऊन बराच काळ झाला.

हा आकडा भाषणांत फार वापरला जातो, आणि त्यातून नेहमी एकच निष्कर्ष काढला जातो : माणसे वाढली, म्हणून पाणी संपले. हे अर्धे सत्य आहे. सरासरीत ब्रह्मपुत्राही आली आणि माणगंगाही आली. शिवाय माणसाच्या वाट्याचे पाणी माणसापर्यंत येते का, हे सरासरी सांगत नाही.

*

ज्यांना गावाचे भूजल समजून घ्यायचे आहे, त्यांनी उन्हाळ्यात खोदकाम चालू असलेल्या विहिरीत डोकावून पाहावे. वर हात-दोन हात काळी माती. तिच्याखाली भुरकट मुरूम, टिकावाने फुटणारा. मग मांजऱ्या : बारीक पोकळ्यांनी भरलेला खडक, त्या पोकळ्यांत पांढरी-हिरवट खनिजे बसलेली. मधेच गेरूचा लाल पट्टा, लाव्ह्याच्या दोन थरांमधला. त्याखाली काळा पाषाण, सुरुंगाशिवाय न हलणारा. पाणी येते ते मुरमातून, मांजऱ्यातून आणि पाषाणाच्या भेगांतून. झऱ्याच्या जागी खडक ओला, काळसर दिसतो. बोट लावले की थेंब जमतात.

राज्याचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग या बेसॉल्टचा आहे. शंभर घनमीटर खडकात दोन-तीन घनमीटर पाणी मावते, पुष्कळ ठिकाणी तेवढेही नाही. गंगेच्या खोऱ्यातल्या गाळाच्या जमिनीत खोल, सलग साठा असतो. आपल्याकडे तुकड्या-तुकड्यांचा, उथळ. एका पावसाळ्यात तो भरतो आणि एका उन्हाळ्यात रिकामा होतो. खडकच असा असल्यावर काटकसर हा आपल्यासाठी सद्गुणाचा नाही, भूशास्त्राचा विषय आहे.

*

विहिरीवर मोट चालत असे तेव्हा उपशाला बैलांच्या दमाची मर्यादा होती. बैल सोडले की मोट थांबे आणि रात्रभर झरे विहीर भरत राहत. ऑइल इंजिन आले, मग वीजपंप आला, आणि ती मर्यादा गेली. विहीर परसांत मोजत. बोअर फुटांत मोजू लागले, दोनशे, पाचशे, आठशे. उथळ थरातले पाणी यंदाच्या पावसाचे असते. खोल भेगांतले पाणी तिथे साठायला बराच काळ लागलेला असतो आणि ते परत भरायलाही तेवढाच लागेल.

महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ चा. शेती आणि उद्योगासाठी साठ मीटरपेक्षा खोल विहिरी घेण्याला त्यात मनाई आहे. बोअरच्या गाड्या मात्र रात्रंदिवस फिरत असतात. कायदा कागदावर आहे. तो शिवारात आणायचा तर गावाने स्वतःहून आणावा लागेल.

*

१९७२ च्या दुष्काळाची आठवण सांगणारी माणसे दोन गोष्टी सांगतात : मिलो ज्वारी आणि सुकडी. धान्य नव्हते, ते परदेशातून आले. पण बहुतेक गावांत पिण्यापुरते पाणी विहिरीला होते. आजच्या दुष्काळात उलटे झाले आहे. रेशनच्या दुकानात धान्य असते आणि टँकरची वाट पाहत हंडे रांगेत असतात.

पन्नास वर्षांत आपण अन्नाचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला, आणि तो सोडवण्यासाठी भूजल खर्ची घातले. हा व्यवहार जितक्या स्पष्ट शब्दांत सांगता येईल तितका सांगितला पाहिजे.

*

टॉमस माल्थस यांनी १७९८ साली लिहिले की लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते, म्हणून उपासमार अटळ आहे. भारताचे आकडे त्याच्या विरुद्ध साक्ष देतात. १९५०-५१ मध्ये अन्नधान्याचे उत्पादन सुमारे पाच कोटी टन, २०२२-२३ मध्ये सुमारे तेहतीस कोटी टन. माणसे चौपटीच्या आत वाढली, धान्य सहापटीहून अधिक.

हे घडले तीन गोष्टींनी : सुधारित बियाणे, नत्रखत आणि सिंचन. त्यातले बियाणे दरवर्षी नवे करता येते. नत्र हवेत अमाप आहे. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली त्यापासून अमोनिया करून दाखवला आणि कार्ल बॉश यांनी १९१३ पर्यंत त्याचा कारखाना उभा केला. आज जगातल्या साधारण निम्म्या माणसांचे अन्न या कारखानी नत्रावर पिकते असा अंदाज आहे. तिसरी गोष्ट पाणी. ते मात्र कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. माल्थस धान्याबाबत चुकले. त्यांचा इशारा उद्या खरा ठरला तर तो पाण्याबाबत ठरेल.

*

युरियाची गोणी फोडून पाटाच्या पाण्याबरोबर सोडली की त्यातले बरेच नत्र पिकाला लागतच नाही. काही हवेत जाते, काही नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली मुरते आणि विहिरीत येते. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची मर्यादा आहे. त्यापुढे तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटू शकते. चव बदलत नाही, रंग बदलत नाही. म्हणून विहिरीचे पाणी वर्षातून एकदा तरी तपासून घ्यावे. शेत आणि माजघर यांच्यामध्ये विहीर एकच असते.

*

माणूस पाणी पितो त्यापेक्षा कितीतरी अधिक खातो. किलोभर धान्य पिकायला हजार लिटर किंवा त्याहून अधिक पाणी लागते, पावसाचे आणि ओलिताचे मिळून. रोज अर्धा किलो धान्य खाणारा माणूस पाचशे लिटर पाणी ताटातून घेतो. नळाचे पाणी त्याच्यापुढे थोडके.

म्हणून लोकसंख्या आणि पाणी यांचा खरा संबंध नळावर नाही, शिवारात आहे. माणसे किती, याच्याइतकाच प्रश्न आहे : आपण पेरतो काय?

*

एक मानलेले गाव घेऊ. शिवार हजार हेक्टर, माणसे दोन हजार, मोठी जनावरे हजार, पाऊस पाचशे मिलिमीटर.

पडलेले पाणी ५०० कोटी लिटर. त्यातले बहुतेक उन्हाने आणि झाडापिकांतून उडून जाते, काही ओढ्याने वाहून जाते. मुरून विहिरींपर्यंत पोचते ते दहा टक्के धरू. आपल्या खडकात हा अंदाज सढळच आहे. हाती आले ५० कोटी.

माणसांना रोज माणशी ५५ लिटर, ग्रामीण नळयोजनांच्या आजच्या मापाने : वर्षाला ४ कोटी. जनावरांना रोज ५० लिटर : १ कोटी ८० लाख. उरले ४४ कोटी.

या ४४ कोटींत पाटपाण्याचा ऊस किती? बावीस हेक्टर. ठिबकावर नेला तर फार तर चाळीस-पंचेचाळीस. आणि रब्बी ज्वारीला साठ-साठ मिलिमीटरची दोन संरक्षित पाणी द्यायची तर किती? साडेतीनशे हेक्टरांहून अधिक.

अजून एक बेरीज. गावातली माणसे उद्या दुप्पट झाली, तर त्यांच्या घरगुती पाण्याला वर्षाला आणखी ४ कोटी लिटर लागतील. म्हणजे दोन हेक्टर उसाचे पाणी. दोन हजार नव्या जिवांच्या पिण्याचे, रांधण्याचे, अंघोळीचे, धुण्याचे पाणी एका बाजूला आणि पाच एकर ऊस दुसऱ्या बाजूला. गावाची तहान वाढत्या माणसांमुळे भागत नाही, असे म्हणणाऱ्यांनी ही बेरीज स्वतः करून पाहावी.

*

ऊस लावणाऱ्याला दोष देऊन काही साधत नाही. उसाला कायद्याने ठरलेला किमान दर आहे, घेणारा कारखाना ठरलेला आहे, आणि गारपिटीतही तो उभा राहतो. तूर, हरभरा, करडई पेरणाऱ्याला यातले काहीही हमखास नाही. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून. त्या साखरेतून शाळा, दवाखाने, रस्ते झाले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

पण मग करडईला आणि हरभऱ्यालाही तसाच खरेदीदार उभा करा. कमी पाण्याच्या पिकाला खात्रीचा भाव मिळेल त्या दिवशी शेतकरी स्वतः पीक बदलेल. त्याला उपदेश करायची गरज पडणार नाही.

*

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या गावांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसे निघतात. नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून घेतलेली उचल, भांडीकुंडी, लहान मुले, कधी शेळीही. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडावर कोप्या पडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत तोडणी चालते. शाळेतली मुले वर्षाच्या मध्यात पट सोडून जातात.

यांच्या स्वतःच्या शिवारात एका रब्बीपुरते पाणी असते, तर यांतली पुष्कळ घरे गावातच राहिली असती. पाणी नसल्याने गाव सोडलेली माणसे सर्वांत जास्त पाणी पिणारे पीक कापायला जातात. महाराष्ट्राच्या लोकसंख्येचे, शेतीचे आणि पाण्याचे नाते पाहायचे असेल तर त्या ट्रकमध्ये पाहावे.

*

मंगळवेढ्याची ज्वारी. मालदांडी वाण, काळी कसदार खोल जमीन. पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाऊस सरता सरता. पुढे बहुतेक पीक जमिनीतल्या ओलीवर निघते. मीटरभर खोल काळ्या मातीत दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाणी पिकाला मिळेल असे धरून ठेवलेले असते. थंडी वाढली की माती तडकू लागते आणि भेगांतून ओल उडते. म्हणून कोळपे चालवायचे, वरचा थर भुसभुशीत करायचा, भेगा बुजवायच्या. कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे जाणते शेतकरी सांगतात. धरण नाही, पंप नाही, वीज नाही. माती हेच धरण.

या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिचा कडबा जनावरांच्या दावणीला आणि दाणा माणसाच्या भाकरीला. एका पिकात दोघांची सोय.

*

जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिले. त्यात त्यांनी सरकारला सुचवले की लष्करातल्या आणि पोलिसातल्या फावल्या माणसांकडून ठिकठिकाणी ताली-बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी आधी शेतात मुरेल आणि मग नदीनाल्याला मिळेल. पाणलोट विकासाचा सारा शास्त्रार्थ या एका सूचनेत आहे : आधी मुरवा, मग वाहू द्या.

*

धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांवर फड पद्धती तीन-चारशे वर्षे चालली. नदीवर ओळीने बंधारे, प्रत्येकाचा पाट, पाटाखाली शिवाराचे मोठे तुकडे, म्हणजे फड. एका फडात एकच पीक, आणि पिके वर्षागणिक फिरती. प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात. पाटकरी पाणी सोडणार, पाणी कोणाला कधी मिळेल ते पंच ठरवणार. पाणी कमी असेल त्या वर्षी काही फड पडीक ठेवायचे, आणि ती झळ सर्वांनी सारखी सोसायची.

इंजिनिअरी जेवढी उत्तम, तेवढीच न्यायबुद्धी. वरच्या अंगाला मोठी धरणे झाली, वैयक्तिक विहिरी-पंप आले, तशी ही व्यवस्था बऱ्याच गावांत मोडली. दगडी बंधारे अजून उभे आहेत. मोडला तो करार.

*

या वहीतले सर्वांत महत्त्वाचे टिपण हे.

१९७२ च्या दुष्काळात विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात आले. पेशाने अभियंता, पुण्यात स्वतःचा उद्योग. नायगावच्या देवस्थानची माळरानाची जमीन त्यांनी कसायला घेतली, पाणी अडवले, मुरवले, आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम साधे होते. पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या मापाने मिळेल : माणशी अर्धा एकर भिजेल इतके. कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकता येणार नाही. भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही. खर्चाचा काही भाग लाभार्थ्यांनी उचलायचा.

या नियमांचा विचार करावा तितका थोडा. दहा एकरवाला आणि अर्ध्या एकरवाला पाण्यापुरते सारखे झाले. माणसाची गणना करून पाणी वाटायचे, पण अडीच एकरांची मर्यादा घातल्यामुळे मोठ्या कुटुंबाला जास्त पाणी असेही होत नाही. लोकसंख्या, शेती आणि पाणी या तिन्हींचा मेळ एका पानावर घालणारे दुसरे धोरण मला माहीत नाही.

वरच्या मानलेल्या गावाला हा नियम लावून पाहू. दोन हजार माणसे, माणशी अर्धा एकर : हजार एकर, म्हणजे सुमारे चारशे हेक्टर. दोन-दोन पाणी द्यायची तर ४८ कोटी लिटर. हाती आहेत ४४ कोटी. थोडे बांधबंदिस्तीचे काम केले, पाऊस आणखी थोडा मुरवला, की गणित जमते. पाचशे मिलिमीटर पावसाच्या गावात प्रत्येक माणसाच्या नावे अर्धा एकर भिजू शकते.

*

अहमदनगर, आता अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार. पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास. पोपटराव पवार सरपंच झाल्यापासून डोंगरावर सलग समतल चर, नाल्यांवर बंधारे, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. पण गाव वाचले ते नुसत्या चरांनी नाही. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही आणि ऊस-केळी लावायची नाही, हे गावाने ठरवले आणि पाळले. पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात : पाऊस किती, मुरले किती, पिण्याला किती, उरले किती, आणि उरलेल्यात यंदा रब्बी कोणती.

आदर्श गाव योजनेच्या पंचसूत्रीत श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि नशाबंदी यांच्याबरोबर कुटुंबनियोजनही आहे. पाणलोटाचा विचार करणाऱ्यांनी माणसांच्या संख्येचाही विचार त्याच बैठकीत केला, ही शहाणपणाची गोष्ट होती.

*

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले तेव्हा समाजाने त्यांची उपेक्षा केली, नोकरी गेली. शंभर वर्षांनी, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रातला एकूण जननदर बाईमागे १.७ निघाला. पिढी जेमतेम टिकायला २.१ लागतो.

म्हणजे माणसे वाढतात म्हणून पाणी पुरत नाही, हे कारण इथून पुढे दरवर्षी लंगडे होत जाणार. मुलगी शिकली, लग्नाचे वय वाढले, दवाखाना जवळ आला, तसा जननदर उतरला. बायकांनी आपल्या वाट्याचे काम केले आहे. हंडा मात्र अजून त्यांच्याच डोक्यावर आहे.

*

शेततळ्याची मूळ कल्पना पावसाचे वाहते पाणी अडवण्याची. अनेक ठिकाणी काय झाले? खड्ड्याला प्लास्टिकचा कागद अंथरला आणि बोअरचे पाणी उपसून त्यात भरले. जमिनीत उन्हापासून सुरक्षित असलेले, सर्वांचे पाणी वर काढून उघड्यावर ठेवायचे, त्यातले काही बाष्प होऊन उडू द्यायचे आणि उरलेले एकाचे करायचे. ही साठवण नाही, खासगी मालकी आहे.

ठिबकाचेही तसेच. एका एकरात पाणी वाचते, हे निर्विवाद. वाचलेल्या पाण्यावर तोच शेतकरी आणखी दोन एकर बाग धरतो तेव्हा विहिरीचे काहीच वाचत नाही. साधन चांगले आहे. उपशाची मर्यादा आधी ठरली असेल तरच.

*

पाणी जास्त झाले तरी जमीन जाते. सांगली-कोल्हापूरकडे कृष्णाकाठच्या काळ्या जमिनी निचरा नसताना वर्षानुवर्षे भिजवल्या गेल्या. खालची पाणपातळी वर आली, पाणी उडाले, क्षार पृष्ठभागावर राहिले. वाळवा, मिरज, शिरोळ भागात पांढरी पडलेली शिवारे दिसतात. जिथे एकरी भरघोस टन ऊस निघाला तिथे आता गवतही नीट येत नाही. भूमिगत निचऱ्याचे पाइप टाकून काही जमिनी परत लागवडीला आल्या आहेत. खर्च मोठा आहे आणि वेळही लागतो. पहिल्यापासून बेताने पाणी देणे याहून स्वस्त होते.

*

शहर पाणी संपवत नाही, ते घाण करून परत देते. नळाने आलेल्या पाण्यातले साधारण ऐंशी टक्के गटारात जाते. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत. त्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी पोसते, पाणी हिरवे होते, आणि हेच पाणी सोलापूर जिल्ह्यातली माणसे पितात, शेते भिजवतात. शहराने शुद्ध करून सोडलेले पाणी ही खालच्या शेतकऱ्याची हक्काची आवक आहे. पुरे शुद्ध न करता सोडणे म्हणजे खालच्या गावाच्या पाण्यातून चोरी.

*

मुंबईला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी मिळते. विहार १८६०, तुळशी १८७९, तानसा १८९२. पुढे वैतरणा आणि भातसा. शहर वाढले तसे पाणी लांबून येत गेले. तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर जातो. मोठ्या जलवाहिनीच्या बाजूने डोक्यावर हंडे घेऊन चाललेल्या बायका मी पाहिल्या आहेत. मुंबईचे पाणी तोडा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण ज्या गावांच्या जमिनी बुडाल्या त्यांची तहान आधी भागवायला मुंबईच्या रोजच्या पाण्यातले किती लागेल? पाच लाख माणसांना ५५ लिटरप्रमाणे पावणेतीन कोटी. ३८५ मधले पावणेतीन.

*

गावकऱ्यांना एक विनंती. येत्या ऑक्टोबरात, रब्बीची पेरणी सुरू व्हायच्या आधी, ग्रामसभा बोलवा. शाळेच्या भिंतीवर पाच आकडे लिहा : यंदाचा पाऊस, गावातली माणसे, जनावरे, निरीक्षणाच्या विहिरीची पातळी, आणि पेरायचे एकूण क्षेत्र. मुलांकडून गुणाकार करून घ्या. पिण्याचे पाणी आधी बाजूला काढा, जनावरांचे त्यानंतर, आणि उरलेल्यात कोणते पीक किती बसते ते सर्वांसमक्ष ठरवा. यासाठी सरकारी आदेश लागत नाही, निधी लागत नाही. पर्जन्यमापक, खडू आणि एकमेकांसमोर बसायची तयारी एवढे पुरते.